शंभर शब्दांतला भाऊ

फोनवरच्या बाईने बोलता बोलता आवंढ्यासारखा एक घोट गिळला आणि मी ओळखलं, ही आता खोटं बोलणार. ओळखलं यात माझी विद्या काही नाही. दिवसभर लोक माझ्या कानात खोटंच बोलत असतात आणि त्यासाठी कुणाला घोट गिळावा लागत नाही, सवय झालेली असते. पण हा घोट मला माहीत होता. आधी एक बारीक थांबणं, मग घशातला तो ओला आवाज आणि मग शाळेत उभं राहून म्हटल्यासारखं सरळ, सपाट वाक्य. "माझा भाऊ वारला," बाई म्हणाली. "धाकटा. त्याच्या आजारपणात हप्ते थकले." ही आपली ताई आहे, असं माझ्या डोक्यात आलं. आणि मग जरा उशिरा, जिना संपला असं वाटून पाय पुढे टाकावा आणि अजून एक पायरी निघावी, तसं दुसरं आलं. ताईला धाकटा भाऊ एकच आहे.

मी बसतो त्या खोलीला निवेदन कक्ष म्हणतात. आमची संस्था लोकांची माहिती गोळा करते. कुणी किती कर्ज घेतलं, हप्ता कधी चुकवला, किती वेळा दारोदार नवीन कर्ज मागत फिरला, हे सगळं जमवून ती बँकांना, घरमालकांना, नोकरी देणाऱ्यांना विकते. विकते हा शब्द आमच्याकडे चालत नाही, 'उपलब्ध करून देते' म्हणायचं. या धंद्यावर कायदा आहे, चांगला जाडजूड आहे. आपली माहिती फुकट बघायचा हक्क आहे, चुकीची असेल तर तक्रारीचा हक्क आहे, तीस दिवसांत उत्तर मिळायचा हक्क आहे. आणि हे सगळे सोपस्कार होऊनही नोंद जागची हलली नाही, तर शंभर शब्दांत आपली बाजू मांडायचा हक्क आहे. हा शेवटचा हक्क म्हणजे मी. एखाद्याला आपलं रडगाणं शंभर शब्दांत बसवता येत नसेल तर संस्थेने त्याला माणूस द्यावा, असं कायद्यात कुणीतरी घालून ठेवलंय. घालणारा कनवाळू असणार. मूर्खही असणार. कारण निवेदन अहवालाच्या शेवटी चिकटतं आणि अहवाल वाचतं यंत्र. यंत्राला वरचा पत-गुणांक तेवढा दिसतो, खालच्या कैफियतीशी त्याला देणंघेणं नसतं. कायद्याने माणसाला बोलायचा हक्क दिला, ऐकायची सक्ती कुणावर केली नाही. इतकी वर्षं या खोलीत काढून मी एवढं एकच शहाणपण कमावलंय आणि ते मला पुरतं.

मी चांगला छाटतो. आधी विशेषणं जातात, मग देव जातो, मग 'मी काय सांगू तुम्हाला' जातं. नवरा परागंदा झालेली बाई असो, कारखाना बंद पडलेला मेकॅनिक असो, चारशे-पाचशे शब्दांचं ओझं घेऊन येतात आणि छाटल्यावर सगळ्यांचं सारखंच होतं: अडचण आली, हप्ता चुकला, आता बरं आहे, विश्वास ठेवा. घरी कुणी जेवायला आलं की मी यांच्या गोष्टी सांगतो. नाव घेत नाही कुणाचं, त्या बाबतीत मी फार कडक आहे. एक गृहस्थ होता, त्याने कुत्र्याच्या शस्त्रक्रियेसाठी घराचा हप्ता बुडवला, आणि निवेदनात त्याला कुत्र्याचा स्वभाव घालायचा होता. शंभरातले चाळीस शब्द कुत्र्याला. मी ही गोष्ट सांगतो तेव्हा माझी बायको, जी माझ्या कुठल्याच बोलण्याला हसत नाही, तीही हसते.

आवाजाचं सांगायला हवं. मध्यंतरी एका ग्राहकाने आमच्यातल्या एकाला बसथांब्यावर आवाजावरून ओळखलं आणि भर रस्त्यात त्याची गचांडी धरली. मग कर्मचाऱ्यांच्या गोपनीयतेचा प्रश्न निघाला. ग्राहकांच्या गोपनीयतेचा निघतो तेव्हा परिपत्रक निघतं, आमचा निघाला तेव्हा यंत्र आलं. आम्ही बोलतो, यंत्र आमचा आवाज पिळून घेतं आणि पलीकडे सगळ्यांच्या तोंडून एकच बाई बोलते. पस्तिशीची, शिकलेली, दुसऱ्याच्या दुःखाला बेताची हळहळ असलेली. आम्ही तिला मावशी म्हणतो. माझ्या शेजारी जमादार बसतो, पोलीस खात्यातून निवृत्त झालेला, घसा फुटक्या कर्ण्यासारखा. त्याच्या तोंडूनही मावशीच बोलते. एका विधुराने त्याला रीतसर लग्नाचं विचारलं होतं, आणि जमादाराने त्याला शंभर शब्दांत नकार दिला. अर्थात आवाज बाईचा म्हटल्यावर 'मी लिहून घेतो' म्हणून कसं चालेल? आम्ही सगळे बाप्ये दिवसभर करते, लिहिते, वाचून दाखवते असं बोलतो. पहिले काही दिवस लाज वाटली. मग लाज वाटायचं कारण आठवेना.

तर ताई मावशीशी बोलत होती. माझ्या पडद्यावर नाव नव्हतं. नाव, पत्ता, जन्मतारीख यांवर काळी पट्टी असते, कायदाच आहे तसा. दिसतं ते फक्त कर्ज. व्यवसायासाठी, टायर विक्री. हप्ते सुरुवातीला वेळेवर, मग एक आड एक, मग बंद. टायर वाचल्यावर उरलीसुरली शंकाही गेली. भावजींचं टायरचं दुकान आहे. भावजी म्हणजे चार माणसांत शोभणारा माणूस. बिल यायच्या आत पाकीट काढणारा, वेटरच्या खांद्यावर हात ठेवणारा, दुसऱ्याच्या बायकोला 'वहिनी, तुम्ही कमी जेवता' असं म्हणणारा. अशा माणसांबद्दल मला मनापासून तिरस्कार आहे आणि त्यांच्यासोबत बसायला मला नेहमी आवडतं. एकदा त्यांनी ग्लास उंचावून सांगितलं होतं की दुकानाचं सगळं कर्ज हिच्या नावावर ठेवलंय, लक्ष्मी आहे माझी. ताई तेव्हा बर्फाचं भांडं घेऊन उभी होती. सही तुझी आहे ना, असं मी तिला तेव्हा विचारू शकलो असतो. पण जेवणाच्या वेळी कामाचं कोण बोलतो? कामाच्या गमती सांगायच्या, त्या मी सांगितल्या.

माझ्या टेबलावर, कळफलकाच्या डाव्या बाजूला, एक बटण आहे. त्याच्यावर 'परिचय' असं लिहिलंय. पलीकडचा माणूस ओळखीचा निघाला तर ते दाबायचं. फोन शेजारच्याकडे जातो आणि ग्राहकाला सांगितलं जातं की आपल्याशी बोलणारा कर्मचारी आपल्या परिचयाचा असल्याने आपला फोन दुसरीकडे देत आहोत. पारदर्शकता म्हणून. हा नियम करणाऱ्याला मी नेहमी मनातल्या मनात नमस्कार करतो. माणसाला घाबरवायचं असेल तर इतकं साधं वाक्य शोधून सापडणार नाही. मी बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं नाही. ताई घाबरेल म्हणून नाही, ते नंतर सुचलं. मी दाबलं नाही कारण मला माझ्या मरणाची हकिगत ऐकायची होती.

"काय झालं होतं त्यांना?" मी विचारलं. हे विचारायची गरज नसते. निवेदनात रोगाचं नाव घालत नाहीत.

"पोटाचं," ताई म्हणाली. घोट. "बरेच दिवस चाललं. दुखणं अंगावर काढायची सवय त्याला. कुणाला काही सांगायचा नाही."

माझं पोट ठणठणीत आहे. पण दुखणं अंगावर काढायची सवय मला आहे, हे तिचं खरं होतं, आणि खोट्यात असं नेमकं खरं मिसळायची तिची हातोटी जुनी आहे. लहानपणी मी वडिलांचा रेडिओ उघडून पाहिला आणि परत जोडता आला नाही, तेव्हा तिने असाच घोट गिळून सांगितलं होतं की झाडताना माझ्या हातून पडला. वडिलांनी तिच्या थोबाडीत दिली आणि विषय संपला. रेडिओचे स्क्रू माझ्या चड्डीच्या खिशात होते. मला तेव्हा वडिलांची कीव आली, इतका मोठा माणूस इतक्या बाळबोध थापेला फसतो म्हणून. आणि ताईचा राग आला. दुसऱ्यासाठी मार खाणारी माणसं मला तेव्हापासून आवडत नाहीत. त्यांच्यामुळे आपल्याला उगाच कुणाचंतरी देणं लागतो असं वाटत राहतं. थाप मारायची तर स्वतःसाठी मारावी, निदान हिशेब सरळ राहतो.

"वय काय होतं?" मी विचारलं.

तिने माझं वय बरोबर सांगितलं. मग न विचारता पुढे म्हणाली, "त्याची बायको आहे. तिला चांगली नोकरी आहे, तिचं काही अडत नाही. मुलगा लांब शिकतो." म्हणजे माझी विधवा मजेत होती. हे मला पटलं. त्यात तर तिने घोटही गिळला नव्हता. माझ्या मागे माझ्या घरात काय होईल याचा विचार मी स्वतः कधी केला नव्हता. माझ्या बहिणीने तो दवाखान्यातल्या नोंदणीच्या टेबलावर बसून एका वाक्यात उरकला. ती दातांच्या दवाखान्यात काम करते. मागे पाण्याचा आणि त्या बारीक यंत्राचा आवाज येत होता आणि कुणीतरी मधूनच चूळ भरत होतं.

आम्हाला कर्जाबद्दल एक प्रश्न विचारायची मुभा असते. एकदाच, आणि ठरलेल्या शब्दांत. "हे कर्ज तुम्ही स्वतः घेतलं होतं का?" माणूस 'नाही' म्हणाला तर सगळं बदलतं. मग तो शंभर शब्दांचा भिकारी राहत नाही. दुसऱ्याने त्याच्या नावाने सही केली असेल तर लेखी तक्रार घ्यायची, नोंद आठवड्याच्या आत झाकायची, बँकेला कळवायचं. कायद्यातली हीच एक जागा आहे जिथे दात आहेत. मी प्रश्न विचारला आणि मला वाटतं मी तो इतर वेळेपेक्षा हळू विचारला.

"हो," ताई म्हणाली. घोट. "मीच घेतलं."

माझा संताप झाला. नवऱ्याचं नाव घेण्यापेक्षा तिला मला मारणं सोपं गेलं. तिकडे तो माणूस वेटरच्या खांद्यावर हात ठेवून हिच्या सहीने जेवणावळी घालतोय, आणि ही बाई त्याच्याविरुद्ध ब्र काढायला तयार नाही, भावाला मात्र पोटाच्या आजाराने खुशाल गाडून मोकळी. हे यांचं सोसणं. याच बायकांची निवेदनं मी वर्षानुवर्षं छाटत आलो. सगळं सांगतील, फक्त ज्याने केलं त्याचं नाव सोडून, आणि मग विचारतील की आमचा गुणांक असा का. मी नियम मोडला आणि पुन्हा विचारलं. फोन ध्वनिमुद्रित होत होता, होऊ दे म्हटलं. "बघा हं," मी म्हणालो, म्हणजे मावशी म्हणाली, "तुमच्या नावावर दुसऱ्या कुणी सही केली असेल, घरातल्या माणसाने जरी केली असेल, तरी तसं सांगता येतं. नोंद लगेच झाकली जाते. निवेदनाची गरजच पडत नाही."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. या वेळी घोट नव्हता. "मी आधी दोनदा फोन करून विचारून घेतलं. तशी तक्रार केली की त्याची पोच येते ना? पत्राने? घरच्या पत्त्यावर?"

"येते," मी म्हणालो. "तुमच्या संरक्षणासाठी. तुमच्या नावाने कुणी खोटी तक्रार करू नये म्हणून."

"हं. घरची पत्रं मी नाही उघडत. निवेदनाचं पत्र येत नाही. ते पण विचारलंय."

"पत्ता बदलून घेता येतो."

"त्याला नव्या पत्त्याचा पुरावा लागतो. खोली मिळाली तर पत्ता, आणि हे हप्त्यांचं निस्तरलं तर खोली. दोन जागी नाही म्हणाले. तिसरी आहे ती मालकीण जरा बरी वाटते, एकटी असते. ती म्हणाली अहवाल तर बघणारच, पण तुमचं काही म्हणणं असेल तर वाचेन. म्हणून हा खटाटोप. शुक्रवारपर्यंत सांग म्हणालीय. नंतर मला निघता येणार नाही. तो या आठवड्यात बाहेरगावी आहे, माल आणायला."

तो कोण हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. सहीवाल्या माणसाला वाचवायला ती खोटं बोलत नव्हती. त्याच्या हाती ते पत्र पडायच्या आत तिला दाराबाहेर पडायचं होतं. संरक्षणासाठी केलेली एक एक कलमं तिने हातात घेऊन, तांदूळ निवडावेत तशी निवडली होती आणि ज्याने दगा होणार नाही असं एकच उरलं होतं. सगळ्यात निरुपयोगी. मी ज्याला हसतो ते. मला वाटलं होतं, पाणी नाकापर्यंत आल्यावर ती रडत रडत कधीतरी माझ्याकडे येईल आणि मग मी तिला कायदा समजावून सांगेन. समजावून सांगायची माझी तयारी पक्की होती. कुठली वाक्यं वापरायची तेही ठरलं असावं. ती आलीच नाही, आणि आली नाही याचं मला इतकी वर्षं बरंच वाटत होतं. ताई खंबीर आहे, असं मी म्हणायचो. दुसऱ्याला खंबीर म्हटलं की आपल्याला काही करावं लागत नाही.

"पण निवेदनात भाऊ कशाला?" मी विचारलं. एव्हाना माझा आवाज चढला असणार, पण पलीकडे मावशी तेवढ्याच गोडव्याने बोलली असेल. "स्वतःचं आजारपण लिहा."

"आजारी बाईला कोण ठेवून घेईल?"

"मग आईवडील."

"ते तर गेलेतच. त्यांचं कुणी विचारत नाही." ताई हसली. छोटंसं, नाकातल्या नाकात. "भाऊच लागतो, ताई. तुम्ही कधी एकटीने खोली बघायला गेला नसाल. पहिल्यांदा विचारतात, नवरा? त्याचं काहीतरी सांगता येतं. मग विचारतात, माहेरी कोण आहे? भाऊ आहे म्हटलं की झालं. मग तिकडे का नाही जात, म्हणतात. याच शहरात आहे? मग तर प्रश्नच नाही. आता याचं उत्तर काय देऊ? तो वाईट आहे असं सांगावं लागेल. वाईट नाहीये तो." तिने स्वतःला सावरलं. "म्हणजे नव्हता. मेला म्हटलं की गप्प बसतात. वर पाणी विचारतात."

चूळ भरणारा माणूस थुंकला. मी पडद्याकडे बघत होतो. तिथे शून्य शब्द, शंभर शिल्लक, असं दिसत होतं. माझ्या घरात मुलाची खोली रिकामी आहे. तिच्यात व्यायामाची सायकल आहे आणि तिच्यावर टॉवेल वाळतात. मी म्हणू शकत होतो, ताई, मी बोलतोय. मावशीच्या आवाजात ते तिच्या कानात गेलं असतं. पस्तिशीची एक परकी बाई तिला लाडीगोडीने म्हणाली असती, ताई, मी बोलतोय. हे मला इतकं हास्यास्पद वाटलं की क्षणभर हसू आलं. शिवाय ती जीव घेऊन पळाली असती. घरचं माणूस तिकडे बसलंय, आता हे भावजींच्या कानावर जाणार, असंच तिला वाटलं असतं. आणि का वाटू नये? भावजींच्या ग्लासाला ग्लास मी लावलेला तिने पाहिलाय. मी गप्प राहणं यातच तिचं हित होतं, कायदाही तेच सांगत होता. ज्या कायद्याला मी उभा जन्म नाकं मुरडली तो आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मदतीला धावून आला, आणि नेमका मला काहीच करावं लागू नये म्हणून आला. किती सोयीचं होतं ते. मी स्वतःकडे मोठ्या कौतुकाने पाहिलं, एखाद्या सराईत चोराकडे पाहावं तसं.

तरी मी विचारलंच. "आणि असते ते, तर गेला असता का त्यांच्याकडे?"

मला वाटलं ती 'हो' म्हणेल. मेलेल्या माणसाबद्दल एवढं तर लोक म्हणतात.

"नाही," ताई म्हणाली. "म्हणजे ठेवून घेतलं असतं त्याने. टाकलं नसतं. पण तो कुठल्याशा कंपनीत कायद्याचं बघायचा. जेवताना तिथल्या लोकांच्या गोष्टी सांगायचा. कोण कसं बुडालं, कोण काय काय कारणं देतं. सांगायचा फार छान, पोट धरून हसायचे सगळे. मी पण हसायचे. नाव नाही घ्यायचा हं कुणाचं, कधीच नाही." पाण्याचा आवाज बंद झाला. "तिथे राहायला गेले असते तर रोज जेवायला बसताना मला वाटलं असतं, आज माझी. मी नसेन तेव्हा. नाव न घेता."

मी लिहायला घेतलं. बोटं आपोआप चालतात. तिने सांगितलेलं बरंचसं नेहमीप्रमाणे गेलं, पोट गेलं, दुखणं अंगावर काढणं गेलं, माझी सुखी विधवा आणि लांब शिकणारा मुलगा गेला. मग नियमाप्रमाणे मी वाचून दाखवलं. "माझा धाकटा भाऊ दीर्घ आजाराने वारला. त्याच्या उपचारांचा खर्च मी केला. त्या काळात कर्जाचे हप्ते वेळेवर भरता आले नाहीत. माहेरी आता कोणी नाही. मी नोकरी करते आणि माझं भाडं मी स्वतः भरू शकते. नोंद वाचताना कृपया हे लक्षात घ्यावं." छाटणी चोख झाली होती. कुणाच्याही भावाला चालली असती.

"हे खरं की खोटं तपासतं का कुणी?" ताईने विचारलं.

"नाही. निवेदन तपासायचं नसतं."

"बरं आहे." ती मनात वाक्यं पुन्हा म्हणून बघत असावी. "जागा उरलीय का त्यात?"

"आहे बरीच."

"मग 'लाडका' घाला. माझा लाडका धाकटा भाऊ. नुसतं भाऊ कोरडं वाटतं. खोटं वाटतं."

विशेषणं आम्ही घालत नाही. मी घातलं. घातल्यावर वाक्य नियमाप्रमाणे पुन्हा वाचून दाखवावं लागतं, तेही वाचलं. मावशीने ते चांगलंच म्हटलं असणार, तिचा गळा अशा शब्दांसाठीच बनवलाय.

"हं," ताई म्हणाली. "आता कसं, खरं वाटतं." आणि मग, "वाचेल ना हो ती मालकीण?"

याला आमचं ठरलेलं उत्तर आहे: निवेदन अहवालासोबत पाठवलं जातं. ते खोटं नाही. पण भाड्याच्या खोल्यांचे अहवाल घरमालकांकडे जातच नाहीत, ते मधल्या एका कंपनीच्या यंत्राकडे जातात आणि मालकिणीच्या फोनवर हिरवी नाहीतर लाल खूण येते. हिची लाल येणार, हे मला पडद्यावर दिसत होतं. हे उत्तर देताना एरवी मला बरं वाटतं. शहाण्या माणसाला वाटतं तसं.

"निवेदन अहवालासोबत पाठवलं जातं," मी म्हणालो.

"ते कळलं. वाचेल ना?"

"वाचेल," मी म्हणालो. मी घोट गिळला का, ते मला कळलं नाही. गिळला असता तरी यंत्राने असले आवाज गाळले असते.

"तुमचे उपकार झाले, ताई," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला, कारण दवाखान्यात कुणीतरी तिला हाक मारत होतं.

मी निवेदन मंजूर केलं. सायकल हलवून खोलीत गादी घालता येईल का, एवढा एक विचार येऊन गेला. पण गादी कुणासाठी, हे बायकोला सांगावं लागलं असतं, आणि ते मला कायद्याने सांगता येत नव्हतं. जमादाराने कानावरचं काढून मान मोडली आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"बराच वेळ चालला तुझा," तो म्हणाला. "काय, निघालं का काही?"

"काही नाही," मी म्हणालो. "एक बाई होती. भाऊ वारलाय तिचा."

"अरेरे. कधी?"

"नेमकं सांगितलं नाही तिने," मी म्हणालो. "बरीच वर्षं झाली असावीत."